खत नंतर टाका, आधी कुंडीच्या तळाचं भोक बघा: लिंबू, कढीपत्ता, तुळस दर पावसाळ्यात का पिवळी पडतात

जुलै अर्धा झाला की ओळखीत जेवढे म्हणून कुंड्या लावणारे आहेत त्या सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, पानं पिवळी पडतायत, काय टाकू? उत्तरंही ठरलेली. कोणी एप्सम सॉल्ट सांगतं, कोणी केळ्याच्या सालीचं पाणी, कोणी अंड्याची टरफलं, कोणी सरळ १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं रासायनिक खत). मधे चार दिवस पाऊस उघडतो, झाड जरा तरतरीत दिसतं, आपल्याला वाटतं खत लागू पडलं, आणि गणपती येईपर्यंत झाड गेलेलं असतं. मग नर्सरीतून नवीन आणायचं आणि पुढच्या पावसाळ्यात परत पहिल्यापासून.

हे एकदाच झालं तर समजू शकतो, पण दरवर्षी त्याच सुमाराला होत असेल तर खत कमी पडलं हे कारण जवळजवळ कधीच नसतं. मुळांना हवा मिळत नाही हे असतं. मुळं नुसती पाणी पीत नाहीत, श्वासही घेतात, मातीच्या कणांमधे ज्या बारीक पोकळ्या असतात त्यातली हवा त्यांना लागते. त्या पोकळ्या दिवसचे दिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि आधी लोह, नत्र वगैरे उचलणं बंद करतात, मग सडायला लागतात. म्हणजे मातीत सगळं असतं पण वर पोचत नाही, पान पिवळं पडतं आणि आपण म्हणतो खत कमी पडलं. सडक्या मुळांवर खत ओतणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पुरणपोळी भरवणं. उलट खतातले क्षार तिथेच साठतात आणि उरलेली मुळंही जळतात.

आता खात्री कशी करायची. पहिल्यांदा बघा कुठली पानं पिवळी आहेत. खालची जुनी पानं दोन-चार करून पिवळी होऊन गळत असतील आणि शेंड्याला नवीन हिरवी फूट असेल तर काही करू नका, ते होतच असतं. खालची बरीच पानं एकदम फिकट आणि वाढही थांबलेली, पण माती मोकळी आणि नीट सुकतेय, तर नत्र कमी आहे, तिथे गांडूळ खत द्या, खुशाल द्या. शेंड्याची नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या, ही लोह-झिंकची खूण, आणि मुंबईत पावसाळ्यात ही दिसली की दहातल्या आठ वेळा माती चिकचिकीत असते असं माझं मत आहे. आणि माती ओली असताना झाड मान टाकतंय, उन्हात सुकल्यासारखं दिसतंय, तर ती सगळ्यात वाईट खूण. इथेच लोक चुकतात, मान टाकली म्हणून अजून एक मग पाणी घालतात.

मग काडी. कबाबची बांबूची काडी घ्या (अगरबत्तीची नको, मोडते), कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. वरची दोन इंच माती सुकलेली पण काडी खालून ओली आणि काळपट निघाली तर वरून बोट लावून पाणी द्यायची जी सवय आहे ती फसवतेय. काडीचा वास घ्या, कुंडीच्या तळाच्या भोकाशी नाक नेऊन पण घ्या, लाजू नका. पावसातल्या अंगणाचा वास आला तर ठीक, सडक्या अंड्याचा किंवा गटाराचा आला तर आत हवा संपलेली आहे. एवढं झाल्यावरही शंका असेल तर कुंडी आडवी करून झाड मातीसकट बाहेर ओढा. चांगलं मूळ पांढरं किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतं. सडलेलं तपकिरी, बुळबुळीत, चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि हातात दोऱ्यासारखी मधली शीर राहते.

पाऊस सगळीकडेच पडतो, मग हे आपल्याकडेच इतकं का होतं? मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळपास सगळा चार महिन्यात, हे एक आहेच. पण खरा घोळ आपल्या ग्रिलमधे आहे.

घोळ नंबर एक, प्लेट. बिल्डिंगमधे कुंडीखाली प्लेट ठेवावीच लागते कारण पाणी टपकलं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात, त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर मातीचे डाग पडलेले असतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण प्लेटमधे पाणी साठलं की कुंडीची खालची दोन-तीन इंच माती चोवीस तास भिजलेली, आणि बारीक मुळं नेमकी तिथेच जाऊन बसलेली असतात. शिवाय त्याच पाण्यात डासांची अंडी, आठवडा-दहा दिवसात डास तयार, मग महापालिकेची माणसं तपासायला आली की ऐकून घ्यायचं. यावर दोन उपाय आहेत. एक, प्लेटमधे कडाप्प्याचे किंवा फरशीचे तीन तुकडे ठेवून त्यावर कुंडी बसवा म्हणजे पाणी प्लेटमधे राहील पण भोकाला लागणार नाही, आणि अर्ध्या तासाने प्लेट ओता किंवा जुन्या स्पंजने टिपून घ्या. दोन, जून ते सप्टेंबर प्लेटा सरळ काढून टाका, काकूंचे कपडे तसेही तेव्हा आत पंख्याखाली वाळत असतात. फक्त मातीचं पाणी त्यांच्या खिडकीच्या काचेवर जाणार नाही एवढं बघा आणि आधी जाऊन सांगा, सांगितलं की माणसं समजून घेतात. आणि कुंड्या ग्रिलच्या आतच, बाहेरच्या छज्ज्यावर सुट्ट्या ठेवू नका, वाऱ्यात पडली तर खाली माणूस आहे.

घोळ नंबर दोन, लाल माती. आपल्या नर्सऱ्यांमधे बहुतेक झाडं काळ्या पिशवीत चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात. वाहतुकीत गोळा फुटू नये म्हणून त्यांच्यासाठी ती बरोबर आहे, आपल्यासाठी नाही. आपण तो गोळा तसाच्या तसा उचलून कुंडीत ठेवतो, आजूबाजूला छान भुसभुशीत मिश्रण भरतो, आणि मग दोन्हीकडून मार. उन्हाळ्यात गोळा विटेसारखा कडक होतो, पाणी त्याच्या कडेने खाली निघून जातं आणि आतली मुळं कोरडी. पावसाळ्यात तोच गोळा पाणी पिऊन बसतो, आठ-आठ दिवस सोडत नाही. म्हणून ज्यांना वाटतं मी तर महागडं पॉटिंग मिक्स वापरलंय तरी झाड मेलं, त्यांनी मेलेलं झाड उपटून बघा, आत तो गोळा जसाच्या तसा सापडेल.

नवीन झाड आणलं की आठवडाभर सावलीत पिशवीतच राहू दे, मग कुंडीत लावताना गोळा पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवा आणि बोटांनी बाहेरची साधारण एक तृतीयांश माती हळूहळू सोडवा. लिंबाला एवढं चालतं. कढीपत्त्याला जपून, त्याचं सोटमूळ खाली गेलेलं असतं आणि ते दुखावलं तर झाड महिनोन्महिने रुसून बसतं, त्याच्या गोळ्याला फक्त चार बाजूंनी काडीने भोकं पाडा आणि कडा मोकळ्या करा, बास.

घोळ नंबर तीन जरा वादाचा आहे. तळाला विटांचे तुकडे, खडी, थर्माकोलचे गोळे यांचा थर घालायचा, त्याने निचरा चांगला होतो, हे आपल्या आज्यांपासून सगळे सांगतात. होत नाही. बारीक मातीतून पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही, माती आधी पूर्ण भिजते, तुडुंब होते, आणि मगच जास्तीचं पाणी खडीत पडतं. म्हणजे जो चिकचिकीत पट्टा कुंडीच्या तळाशी असायचा तो खडीच्या थरामुळे दोन इंच वर, मुळांच्या अजून जवळ येतो. भोक मातीने बुजू नये म्हणून त्यावर खापरीचा एक तुकडा किंवा डासांच्या जाळीचा चौकोन पुरे. ती खडी घालायचीच असेल तर पूर्ण मिश्रणात घाला, तिथे तिचा उपयोग आहे.

माझ्याकडे पावसाळ्यात टिकणारं मिश्रण असं आहे, दोन घमेली चाळलेली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं गांडूळ खत, आणि एक ते दीड घमेलं जाडंभरडं काहीतरी, म्हणजे विटांचा हरभऱ्याएवढा चुरा (धूळ चाळून टाकलेला), नाहीतर कोळशाचे तुकडे, नाहीतर परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, फुगवलेल्या खडकाचे कण), पण परलाइट हलकं असतं, जोराच्या पावसात तरंगून वर येतं. वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट मी पावसाळ्याच्या कुंड्यांत फार घालत नाही. ते उन्हाळ्यासाठी चांगलं, पाणी धरून ठेवतं, आणि जुलैमधे नेमकं तेच नको असतं. घालायचंच तर तीन-चार पाण्यात धुवून घ्या कारण कोकोपीटच्या बऱ्याच विटांमधे क्षार असतात.

कुंडीचा आकार पण. लिंबाचं बोटभर रोप आणून पहिल्याच दिवशी अठरा इंची ड्रममधे लावू नका, एवढ्या मातीतलं पाणी ओढायला मुळं कुठे आहेत? बारा इंची घ्या, वर्ष-दीड वर्षाने मुळं कडेला फिरायला लागली की सोळा-अठरा. भोकं पाच-सहा तरी हवीत, प्लास्टिकच्या कुंडीला गरम स्क्रूड्रायव्हरने पाडता येतात, आणि खाली एकच भोक असलं तर बाजूला तळापासून अर्ध्या इंचावर चार पाडा.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, ऊन कुठून येतं ते. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेकडून जातो. म्हणजे ज्यांची बाल्कनी दक्षिणेला आहे त्यांना डिसेंबरात आतपर्यंत ऊन असतं आणि जून-जुलैत थेट ऊन जवळपास नाहीच, वर ढग वेगळे. ऊन नाही तर पान पाणी ओढत नाही, माती सुकत नाही. तेच पाणी, तीच कुंडी, मार्चमधे चालत होतं आणि आता चालत नाही, ते यामुळे. अशा बाल्कनीत पावसाळ्यात पाण्याचं वेळापत्रक ठेवूच नका, काडी सांगेल तेव्हाच पाणी.

आता ज्यांचं झाड आत्ता या क्षणी पिवळं आहे त्यांच्यासाठी. खत पूर्ण बंद, पाणी बंद, प्लेट बाहेर. कुंडी पावसाच्या थेट माऱ्यातून आत घ्या पण हवा खेळती पाहिजे, बाथरूममधे नेऊन ठेवू नका. मुळं अर्ध्याहून कमी सडलेली असतील तर सडका भाग कात्रीने काढा (कात्री आधी डेटॉलने किंवा स्पिरिटने पुसा), वरच्या फांद्याही त्याच प्रमाणात छाटा कारण उरलेल्या मुळांना एवढा पसारा झेपणार नाही, फुलं-फळं असतील तर खुडा, जीव कितीही तुटला तरी. मग वरच्या मिश्रणात लावा, फक्त यावेळी गांडूळ खत निम्मं घ्या आणि त्यात ट्रायकोडर्मा पावडर मिसळा, पण ट्रायकोडर्मा टाकल्यावर वरून बुरशीनाशक ओतू नका, ती स्वतःच एक बुरशी आहे, आपली मित्र बुरशी, तिलाच माराल. नवीन फूट दिसायला तीन आठवडे ते दीड महिना लागू शकतो, तोपर्यंत रोज उपटून बघायचं नाही. मुळं पूर्ण काळी आणि खोड नखाने खरवडल्यावर आत तपकिरी असेल तर सोडून द्या.

लिंबाच्या खोडाबद्दल वेगळं सांगतो. बुंध्याशी साल फाटून डिंकासारखा चिकट थेंब येत असेल तर तो डिंक्या, विदर्भातल्या संत्रावाल्यांना विचारा, ओल्या जमिनीतली हीच बुरशी त्यांच्या बागा खाते. ते पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे त्याचं प्रमाण. आपल्या एका कुंडीला चमचाभर लागेल, म्हणून तयार कॉपरवालं बुरशीनाशक पाकिटावर लिहिल्याप्रमाणे दाट कालवून ब्रशने लावलं तरी चालतं, आणि लोखंडी भांड्यात कालवायचं नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोडाभोवती मातीचा ढीग करू नका, पालापाचोळ्याचं आच्छादनही बुंध्यापासून दोन इंच लांब ठेवा.

फुलं येतात आणि लिंबू धरत नाही, हा पिवळ्या पानांच्या दुखण्याचाच धाकटा भाऊ. लिंबाची बहुतेक फुलं तशीही गळतात, थोडीच धरतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. सगळीच गळत असतील तर तेच तपासा, माती एकदम कोरडी मग एकदम डबडबलेली असं होतंय का, ऊन पाच-सहा तास आहे का, शेजारच्या एसीच्या आउटडोअरची गरम हवा थेट झाडावर येतेय का. बियांपासून केलेलं रोप असेल तर चार-पाच वर्षं तरी फळाचा विषय काढू नका, घाई असेल तर गुटी कलम (मोठ्या झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) आणा. थंडीत राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं तिथे गेलात तर फळांकडे बघून झाल्यावर कुंडीतल्या मातीकडेही बघा.

तुळस. तुळशीचं दुखणं शंभरातल्या नव्वद घरात एकच आहे, प्रेम. सकाळी सासूबाई एक तांब्या घालतात, मुलगा अंघोळ करून एक घालतो, सूनबाई ऑफिसला निघताना एक, वर दर गुरुवारी थोडं दूध. वृंदावनाला खाली भोक आहे की नाही कोणी पाहिलेलं नसतं, बऱ्याच तयार सिरॅमिकच्या वृंदावनांना नसतंच. पूजा मोडायची गरज नाही, पळीभर पाणी घाला किंवा तुळशीसमोर ताम्हण ठेवून त्यात घाला, हळद-कुंकू वृंदावनाच्या भिंतीला लावा, मातीत नको. मंजिऱ्या खुडत राहा, बी धरलं की ती म्हातारी व्हायला लागते. आणि तुळस तशीही काही वर्षांचीच असते, वाळली म्हणून घरावर काही आलं असं मनात आणू नका, मंजिऱ्यांचं बी नवीन मातीत भुरभुरवा.

कोथिंबीर पावसाळ्यात लावूच नका. उगवते आणि बुडाशी कुजून आडवी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लावा, धणे हलके रगडून दोन फाकी करून. पुदिना उथळ पसरट टबमधे, गवती चहा आणि ओव्याचं झाड यांना पावसाळ्यात काही होत नाही, ओव्याला फक्त प्लेट नको.

आता जे दिसायला असंच पण वेगळं असतं ते झटपट. लिंबाच्या कोवळ्या पानावर चंदेरी नागमोडी रेषा म्हणजे नागअळी, ती पानं खुडून टाका. पानं कडेने कुरतडलेली आणि वर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं, ती फुलपाखराची अळी आहे, लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले म्हणून दोन्हीवर येते. झाड मोठं असेल तर चार पानं खाऊ द्या, मॉरमॉन जातीची पण असू शकते, आणि ब्लू मॉरमॉन २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. कापसासारखे पांढरे पुंजके आणि पानं चिकट, वर काळी काजळी, ते मिलीबग, तिथे आधी मुंग्यांची रांग शोधा कारण त्या गोड रसासाठी मुंग्याच त्यांना सांभाळतात, खोडाला व्हॅसलिनचा पट्टा लावा, मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा आणि उघडीप बघून संध्याकाळी लिटरला पाच मिली कडुलिंबाचं तेल, थोडा लिक्विड सोप घालून. पाऊस पडत असताना मारलं तर वाहून जातं, पैसे पाण्यात. पानांची टोकं जळल्यासारखी आणि मातीवर पांढरा थर, तर तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं का बघा. महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणाचं, तलावाचं पाणी, त्यात क्षार कमी. बोअरवाल्यांनी पावसाचं पाणी बादलीत धरून तेच घालावं, आणि निचरा नीट असूनही नवीन पानं पिवळी राहिली तरच चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट (लोह-झिंकसारखी सूक्ष्म द्रव्यं झाडाला सहज घेता येतील अशा रूपात), पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने, पानांवर फवारून.

मेलेल्या झाडाची माती लगेच दुसऱ्या झाडाला वापरू नका. सोसायटीने गच्ची दिली तर उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून आठ-दहा दिवस कडक ऊन खाऊ द्या, नाहीतर ग्रिलमधेच गोणीत कोरडी ठेवा, मग त्यात गांडूळ खत आणि नवीन विटांचा चुरा घालून मिरची किंवा मेथीसाठी घ्या, लिंबाला मात्र नवीनच माती. नवीन लिंबू आणायला ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा, पाऊस गेलेला असतो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळं धरायला सहा-सात महिने मिळतात. नर्सरीत पिशवी उचलून खालून बघा, भोकातून पांढरी मुळं डोकावत असतील ते घ्या, फळ लटकलेलं सोडा.